सुईणीच्या हातांचा मान

ज्या हातांवर बालक प्रथम विसावते, त्या हातांस विटाळ मानणे न्याय्य आहे काय? पिढ्यानुपिढ्या कित्येक गावांत वेणा सुरू होताच सुईणीस घाईने बोलावीत, आणि नाळ कापून झाली की तिला अंगणात बसवीत. त्या रक्ताचा विटाळ मानावा, तर त्यातून न आलेला मनुष्य कोण?

कोणी म्हणतील, आता बाळंतपणे दवाखान्यात होतात. सुईणीचे काम संपले. बाळंतपण दवाखान्यात व्हावे हे योग्यच. परंतु सोबतीची गरज संपली नाही. सन 2017 मध्ये 26 प्रयोगांचा, 15,000 हून अधिक स्त्रियांचा आढावा प्रसिद्ध झाला. ज्यांच्याजवळ कोणी सतत धीर देत बसले होते, त्यांच्यात पोट चिरून होणारी बाळंतपणे कमी आढळली. अशा सोबतिणीस ‘डूला’ म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ दासी. लूककृत शुभवर्तमानात मरीयेने स्वतःस लाविलेला शब्द तोच.

मरीयेस जो शब्द भूषण वाटला, तो सुईणीस कलंक कसा ठरेल? यास्तव तिला घरात बसवा, पुरती मजुरी द्या, आणि अडलेल्या बहिणीच्या उशाशी तिला बसू द्या.