विसाव्यातला वाटा

शास्त्रपाठ : अनुवाद ५:१२-१५; मार्क ६:३०-३४



दहा आज्ञा पवित्र शास्त्रात दोन ठिकाणी आल्या आहेत, हे आपल्या शब्बाथशाळेतील मुलांनाही ठाऊक असते. एकदा निर्गमाच्या विसाव्या अध्यायात आणि पुन्हा अनुवादाच्या पाचव्या अध्यायात. चौथी आज्ञा दोन्हीकडे एकच आहे. पण तिचे कारण निरनिराळे सांगितले आहे. निर्गमात सृष्टीच्या उत्पत्तीकडे बोट दाखविले आहे : देवाने सहा दिवस काम केले आणि सातव्या दिवशी तो थांबला. अनुवादात मोशे मिसर देशाची आठवण करून देतो : तुम्ही तेथे दास होता, आणि परमेश्वराने तुम्हांला बाहेर काढले. तेथेच आणखी एक गोष्ट आहे, जिच्यावरून आपले डोळे बहुधा घाईने पुढे जातात. घरातील दासदासींनाही धन्याइतकाच विसावा लाभावा, हा या दिवसाचा हेतू म्हणून सांगितला आहे.

गेल्या उन्हाळ्यात जर्मनीतील एका खेड्यात या वचनाने आम्हांला थांबविले, म्हणून त्याविषयी थोडे लिहीत आहोत.

आमचा भाचा स्वित्झर्लंडमधील बासेल शहरी नोकरीस आहे. धारवाड-हुबळीकडील मंडळ्यांना हे नाव परके नाही. १८१५ साली त्या शहरात स्थापन झालेल्या बासेल मिशनचे लोक १८३७ साली धारवाडास पोहोचले होते. तेथून आगगाडीने दोनेक तासांवर, जर्मनीच्या हद्दीत, ब्लॅक फॉरेस्ट नावाच्या डोंगराळ प्रदेशात किंत्सिग नदीचे खोरे आहे. तेथील एका शेतकऱ्याच्या घरी आम्ही उभयता, आमच्या आक्का आणि भाचा असे चौघे आठवडाभर उतरलो होतो. त्या भागातील जुनी घरे पाहण्याजोगी असतात. एकाच प्रचंड उतरत्या छपराखाली माणसांच्या खोल्या, गुरांचा गोठा आणि वर गवताचा माळा. हिवाळ्यात गुरांची ऊब घराला मिळते आणि गवत हाताशी राहते.

शनिवारी आम्ही फ्रायबुर्गला जाऊन ११६ मीटर उंच मनोऱ्याचे जुने मंदिर पाहिले. रविवारी खेड्यातील उपासनेस बसलो. भाषा कळली नाही, तरी प्रभूची प्रार्थना कोठे सुरू झाली ते लयीवरून उमगले. उपासनेनंतर दुपारी गावातील खाणावळीत जेवलो. सारे खोरे तेथे लोटले होते, आणि मालक घामाघूम होऊन टेबलांमधून धावत होता. सोमवारी त्रिबेर्गचा १६३ मीटरचा धबधबा आणि गुताख येथील १६१२ साली बांधलेले शेतघर, दोन्ही एका दिवसात उरकले. मंगळवारी सकाळी आक्कांनी जाहीर केले, “आज मला कुठं नेऊ नका. देवानं पाय दोनच दिलेत.”

मग तो दिवस आम्ही नुसता बसून घालविला. अंगणात सफरचंदाच्या झाडाखाली बाक होता. समोरच्या उतारावर कापलेले गवत वाळत पडले होते, त्याचा गोड वास येत होता. कोणी पत्रे लिहिली, कोणी मोजे धुऊन वाळत घातले. चर्चची घंटा तासातासाने वाजत होती, पण आम्हांला कोठेच पोहोचावयाचे नव्हते. दुपारी जेवणासाठी पुन्हा त्याच खाणावळीकडे चालत गेलो, तर दार बंद. दारावर एक छोटी पाटी होती. भाच्याने वाचून सांगितले : “रूहेटाग.” म्हणजे विश्रांतीचा दिवस.

“काय बाई हे! पैसे घेऊन दारात आलोय, तर यांची विश्रांती!” आक्का म्हणाल्या.

खाणावळीच्या मागील अंगणात मालक आणि त्याची बायको बाकावर बसली होती. पायांत सपाता, समोर काही काम नाही. त्याने आम्हांला हात केला, पण तो उठला नाही. परत येऊन आम्ही आमच्या घरमालकिणीस विचारले, तेव्हा तिने भाच्यामार्फत सांगितले, की रविवारी सर्वांना सुटी असते म्हणून सर्वजण तेथे जेवावयास जातात. मग त्या दोघांना रविवार कसा मिळणार? मंगळवार हा त्यांचा रविवार. अशा पाट्या त्या देशात खेडोपाडी दिसतात. कोठे सोमवारी, कोठे बुधवारी. आम्ही घरमालकिणीने दिलेली पावरोटी आणि चीज खाल्ले, वर आक्कांनी बेळगावाहून आणलेली लसणाची चटणी. जेवण उत्तम झाले.

संध्याकाळी मात्र घरमालकीण गोठ्यात होती. गाई रविवार जाणत नाहीत, मंगळवारही जाणत नाहीत; सकाळ-संध्याकाळ दूध काढावेच लागते. त्यासाठी तिने व तिच्या नवऱ्याने पाळ्या लावून घेतल्या होत्या, आणि महिन्यातून एका रविवारी शेजारी दोन्ही वेळचे दूध काढून देत असे. त्याबदल्यात हे त्याच्या गोठ्यात एक रविवार देत.

बंधुभगिनींनो, विसावा आकाशातून पडत नाही. जेव्हा एक मनुष्य विसावा घेतो, तेव्हा बहुधा दुसरा कोणीतरी त्याची भाकरी भाजत असतो. म्हणूनच देवाने ही आज्ञा देताना प्रत्येकाचे नाव घेऊन यादी केली आहे : मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव, वेशीच्या आतील परका. पण यादीत पत्नीचे नाव नाही, असे कोणी म्हणेल. आम्हांस वाटते, आज्ञेतील “तू” मध्ये ती आहे. घरच्या धन्याइतकीच ती या आज्ञेची धनी आहे.

मिसर देशाची आठवण येथे का दिली, हेही पाहावे. निर्गमाच्या पाचव्या अध्यायात इस्राएल लोकांनी देवाची उपासना करण्यासाठी थोडी मोकळीक मागितली. फारोने त्यांना आळशी ठरविले, पेंढा देणे बंद केले आणि विटांची संख्या मात्र तीच ठेवली. विसावा मागणाऱ्याला आळशी म्हणणे ही फारोची भाषा आहे. आपण ती आपल्या घरात, कचेरीत किंवा मंडळीत बोलतो काय, हे तपासण्यासारखे आहे.

इतिहासातही हा विसावा सर्वांना एकाच वेळी मिळाला नाही. सन ३२१ मध्ये कॉन्स्टंटाईन बादशहाने रविवारी न्यायाधीशांनी, शहरवासीयांनी आणि कारागिरांनी काम बंद ठेवावे असा हुकूम काढला. शेतकऱ्यांना मात्र हवामान थांबत नाही म्हणून कामाची मोकळीक ठेवली. जर्मनीच्या १९१९ च्या राज्यघटनेने रविवारला कामापासून विसाव्याचा आणि मनाच्या उन्नतीचा दिवस म्हणून संरक्षण दिले, आणि १९४९ च्या घटनेने ते कलम तसेच चालू ठेवले. बर्लिन शहराने आगमनकाळातील चारही रविवारी दुकाने उघडण्यास परवानगी दिली, तेव्हा प्रॉटेस्टंट व कॅथलिक मंडळ्या मिळून न्यायालयात गेल्या. १ डिसेंबर २००९ रोजी तेथील सर्वोच्च घटनान्यायालयाने मंडळ्यांच्या बाजूने निकाल दिला : दुकानदाराचा नफा आणि ग्राहकाची खरेदीची हौस ही कारणे एकटी पुरेशी नाहीत.

आपल्याकडची गोष्ट यापेक्षाही विचार करावयास लावणारी आहे. मुंबईत सरकारी कचेऱ्या रविवारी बंद असत आणि चर्चच्या घंटा वाजत. पण गिरण्यांतील कामगारांना आठवड्याची सुटी नव्हती. ती मिळवून दिली नारायण मेघाजी लोखंडे यांनी. ते जोतीराव फुले यांचे अनुयायी, सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते. त्यांनी रविवार मागितला तो खंडोबाचा वार म्हणून. अनेक वर्षांच्या खटपटीनंतर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. चौथी आज्ञा ज्यांना तोंडपाठ होती त्यांच्या डोळ्यांदेखत, मंडळीच्या बाहेरच्या एका मनुष्याने दासदासींना त्यांचा वाटा मिळवून दिला. हे वाचून आपण देवाची स्तुती करावी आणि मानही थोडी खाली घालावी.

आता आपला रविवार पाहू. शनिवारी रात्री वाटण वाटून ठेवायचे, रविवारी पहाटे उठून मटण शिजत घालायचे, मुलांना तयार करायचे, उपासनेला धावत यायचे आणि दुसऱ्या गीताला मागच्या बाकावर पोहोचायचे. उपासना संपताच घरी पाहुणे. घरातील पुरुषमंडळी वामकुक्षी घेतात, तेव्हा स्वयंपाकघरात भांडी वाजत असतात. आठवड्यात सर्वांत जड दिवस कोणता, असे आपल्या घरातील आईला विचारले, तर ती कोणता वार सांगेल? धुणेभांडी करणाऱ्या बाईचा पगार खाडा मोजून कापणारी घरे आहेत, आणि त्याच घरांत चौथी आज्ञा कौटुंबिक प्रार्थनेत वाचली जाते. मंडळीतही असेच. बावन्न रविवार वर्ग घेणाऱ्या शब्बाथशाळेच्या शिक्षिकेला आपण “सेवाभावी” म्हणतो आणि तिला पर्याय शोधत नाही. पाळकसाहेब रविवारी दोन उपासना व एक घरभेट करतात, आणि सोमवारी सकाळी आठ वाजता कोणीतरी दाखल्यासाठी त्यांचे दार ठोठावतो.

यावर कोणी म्हणेल, प्रभु येशूने तरी कोठे विसावा घेतला? मार्काच्या सहाव्या अध्यायात याचे उत्तर आहे. शिष्य सेवा करून परतले होते आणि लोकांच्या वर्दळीमुळे त्यांना जेवावयासही सवड नव्हती. प्रभूने त्यांना एकांतात येऊन थोडा विसावा घेण्यास सांगितले. कार्य पुरे झाले म्हणून नव्हे. कार्य तर दारात उभे होते. पलीकडे पोहोचेपर्यंत लोक धावत पुढे गेले, आणि प्रभूला त्यांचा कळवळा आला. शिष्यांना मिळाला तो फक्त तारवातला वेळ. विसावा मोडावा लागतो, हे प्रभूला माहीत होते. पण तो कळवळ्यापोटी मोडला, कोणाच्या सोयीपोटी नव्हे. आणि लूकाच्या तेराव्या अध्यायात अठरा वर्षे कमरेत वाकलेल्या स्त्रीला शब्बाथ दिवशी सरळ उभे करताना त्याने टीकाकारांना त्यांच्या बैलाची आठवण करून दिली. जनावराला पाणी पाजण्यासाठी सोडता, मग या अब्राहामाच्या कन्येला का सोडू नये? आपल्या घरात कामाने वाकलेली कोणी अब्राहामाची कन्या आहे काय?

परदेशी जाणे थोड्यांच्याच नशिबी असते, आणि त्याची गरजही नाही. दारावर पाटी लावण्यास खिळा आणि दोरी पुरते. रविवारचे एक जेवण साधे करावे, किंवा ते घरातील पुरुषांनी व मोठ्या मुलांनी रांधावे. कामाच्या बाईस पगार न कापता आठवड्यातून एक दिवस द्यावा, आणि तो कोणता हवा हे तिलाच विचारावे. मंडळीच्या पंचांनी शब्बाथशाळेच्या शिक्षकांसाठी पाळ्या लावाव्यात. पाळकसाहेबांचा एक वार ठरवून तो सर्वांनी पाळावा. अंत्यविधी व आजारपण यांची गोष्ट निराळी. शब्बाथशाळेच्या शिक्षकांना एक विनंती : चौथी आज्ञा शिकविताना मुलांना एक प्रश्न द्या. “तुमच्या घरात सर्वांत कमी विसावा कोणाला मिळतो?” पुढच्या रविवारी त्यांची उत्तरे ऐका. त्या उत्तरांतून पालकांसाठीही धडा निघेल.

हे परमेश्वरा, तू आम्हांला दास्यातून सोडविलेस. आमच्या विसाव्याचा भार ज्यांच्या पाठीवर पडतो, त्यांची नावे आम्हांला आज एकेक करून आठवू दे, आणि त्यांचा वाटा त्यांच्या हाती ठेवावयास शिकव. येशूच्या नावाने मागतो. आमेन.