गांजा, कायदा आणि जाणता मनुष्य

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट सांगतो, म्हणजे कोणा वाचकाचा गैरसमज होणार नाही. आम्ही गांजा ओढत नाही, कोणी ओढावा अशी आमची इच्छा नाही, आणि मंडळीतील कोणी सल्ला विचारलाच तर त्यापासून दूर राहा असेच आम्ही सांगू. तथापि जो जाणता, प्रौढ मनुष्य आपल्या कष्टाच्या पैशाने, आपल्या घरी, कोणास उपद्रव न देता चिलीम ओढतो, त्यास सरकारने तुरुंगात घालावे काय, असा प्रश्न कोणी केला, तर आमचे उत्तर नकाराचे आहे. पाळकाच्या तोंडी हे उत्तर पुष्कळांस विपरीत वाटेल. म्हणून त्याची कारणे सांगणे अवश्य आहे.

आपल्या देशात १९८५ साली अमली पदार्थांचा जो कायदा झाला, त्यात झाडाच्या फुलोऱ्यास गांजा म्हटले आहे व तो निषिद्ध आहे. नुसते पान मात्र त्या व्याख्येत येत नाही. म्हणून काशीस भांगेची परवान्याची दुकाने उघडपणे चालतात, आणि त्याच झाडाचा फुलोरा ओढणारास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. जवळ थोडा साठा सापडला तर एक वर्षापर्यंत सक्तमजुरी. आता आपल्या तालुक्याच्या गावची बाजारपेठ पाहा. तेथे 'सरकारमान्य देशी दारूचे दुकान' अशी पाटी दिवसाढवळ्या लटकत असते. सरकारनेच करविलेली जी पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली, तिच्यात दारू पिणारे सुमारे सोळा कोटी आणि गांजा व चरस घेणारे सुमारे एक कोटी तीस लक्ष आढळले. या दोहोंपैकी कोणत्या व्यसनाने रात्री भांडी फुटतात आणि बायकामुले शेजाऱ्याच्या दारी धावतात, हे घरोघर फिरणाऱ्या उपदेशकास आम्ही सांगावयास नको.

गांजाने वेड लागते ही समजूत जुनी आहे, आणि तिची चौकशीही जुनीच आहे. १८९३ साली विल्यम केन या मद्यपाननिषेधाच्या कट्टर पुरस्कर्त्याने विलायतेच्या पार्लमेंटात गांजाविषयी प्रश्न केला, त्यावरून एक कमिशन नेमले गेले. त्यात तीन सभासद हिंदी होते. त्यांपैकी कपुरथळ्याचे कंवर हरनामसिंग हे स्वतः ख्रिस्ती होते. कमिशनने १,१९३ साक्षी घेतल्या. तेव्हाच्या अहमदनगर व सातारा जिल्ह्यांत गांजाचे पीक होत असे, त्यामुळे आपला मुलूखही त्या चौकशीतून सुटला नाही. परंतु सर्वांत बोधप्रद भाग वेड्यांच्या इस्पितळांचा आहे. शिपाई वेड्यास आणून सोडी. नोंदवहीत वेडाच्या कारणाचा रकाना असे. कारण तर कोणासच ठाऊक नसे. मग तेथे 'गांजा' असे लिहून कारकून मोकळा होई. कमिशनने १८९२ सालच्या अशा नोंदी एकेक करून पुन्हा तपासल्या, तेव्हा निम्म्याहून अधिक टिकल्या नाहीत. (शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये हे आपण जाणतो, झाडपाल्याविरुद्धही देऊ नये असे आम्हांस वाटते.) बेताने घेणाऱ्यास सहसा अपाय होत नाही, अतिरेकाने होतो, सबब सरसकट बंदी न करता कर, परवाना व मर्यादा यांनी नियमन करावे, असा कमिशनचा निष्कर्ष झाला.

अपाय मुळीच नाही असे मात्र कोणी समजू नये. ओढणाऱ्या दहांतील सुमारे एकास त्याची चट लागते. लहान वयात आरंभ केला तर अधिकांस लागते. आणि आजकाल मिळणारा तीव्र माल नित्य ओढणाऱ्यास बुद्धिभ्रमाचा धोका खराच आहे. पण आमचे म्हणणे येथेच बळावते. आडोशाला पुडी विकणारा मनुष्य गिऱ्हाइकाचे वय कधी विचारतो काय? पुडीत काय मिसळले आहे हे तो सांगतो काय? बंदीच्या राज्यात ना वयाची अट, ना मालाची परीक्षा. कॅनडाने २०१८ साली विक्री कायद्याखाली आणली, ती याच विचाराने. जर्मनीने १ एप्रिल २०२४ पासून प्रौढास पंचवीस ग्रॅम जवळ बाळगण्याची व घरी तीन झाडे लावण्याची मोकळीक दिली. शाळेच्या आसपास ओढण्यास मात्र मनाई ठेविली. आपल्या सरकारनेही २०२० साली संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात गांजास अतिकठोर यादीतून काढण्याच्या बाजूने मत दिले, आणि तो ठराव सत्तावीस विरुद्ध पंचवीस अशा मतांनी संमत झाला. घरचा कायदा मात्र तसाच राहिला.

कोणी म्हणेल, त्याच्या कुटुंबाची हानी होते, तर शेजाऱ्यावर अपराध झाला नाही काय? हा आक्षेप वजनदार आहे. जो बायकापोरांस उपाशी ठेवतो त्यास अवश्य जाब विचारावा, मग तो गांजाने ठेवो, पत्त्यांनी ठेवो की निव्वळ आळसाने. पण क्रोध, लोभ, आळस यांकरिता आपण कोणास बेड्या घालीत नाही; जे जे अनुचित ते ते सर्व शिपायाच्या स्वाधीन करीत नाही. दुसऱ्याचे नुकसान घडले की तेथून शिपायाचे काम सुरू होते. त्याआधीचे काम समजूत घालणाराचे आहे. आणि तुरुंगाच्या भीतीने जो आपले व्यसन लपवून बसला, त्याची समजूत तरी कोणी घालावी?

आमच्या माहितीतील एक ऊसतोड मजूर पुडीसह पकडला गेला. कामात खाडा न करणारा, कोणास वावगा शब्द न बोललेला मनुष्य. मुकादमाची उचल घेऊन झालेली, आणि जामीन राहण्यास गावात कोणी पुढे येईना. त्याची पत्नी आमच्याकडे आली ती नवऱ्याची चिलीम सोडवा म्हणून नव्हे, तर त्याला सोडवा म्हणून. जामीन होईपर्यंत वकिलापायी दोन शेळ्या विकल्या गेल्या, आणि कोयत्याला जोडी हवी म्हणून नववीतला मुलगा शाळा सोडून आईबरोबर कारखान्यावर गेला. बाप सुटून आल्यावर आम्ही त्याला भेटलो. चिलमीविषयी तो आपण होऊन काही बोलला नाही, आणि आम्हीही विचारले नाही. मुलगा मात्र त्या वर्षी शाळेत परत आला नाही.