पांढऱ्याची ओळख

तैलरंगात नुकताच हात घातलेल्याने बर्फाच्या वाटेला जाऊ नये, आधी फळं, भांडी, झाडं करावीत, असं जाणते सांगतात. मला हे पटत नाही. बर्फ लवकर रंगवायला घ्यावा, कारण तो चूक पोटात घालत नाही.

माझं पहिलं हिमदृश्य कॅलेंडरवरच्या फोटोवरून केलेलं. टिटॅनियम व्हाइटची मोठी ट्यूब हाताशी होती. तासाभरात खालचा अर्धा कॅनव्हास पांढराफटक झाला. चार पावलं मागे जाऊन पाहिलं, तर भिंतीला चुना फासावा तसं दिसत होतं. थंडी जाणवेना, ऊन कुठून येतंय ते कळेना. बर्फ पांढरा असतो हे मला लहानपणापासून ठाऊक होतं आणि ठाऊक होतं तेच मी रंगवलं होतं. झाडाच्या बाबतीत अशी चूक खपून जाते. हिरवं फासलं तरी झाड झाडच वाटतं. बर्फाला मात्र स्वतःचा असा रंग जवळजवळ नाहीच. पडेल तो प्रकाश तो बहुतेक सगळा परत फेकतो. म्हणजे बर्फ रंगवायचा तर त्या वेळचा प्रकाशच रंगवावा लागतो.

क्लोद मोनेने 1868-69च्या हिवाळ्यात नॉर्मंडीतल्या एत्रेताजवळ ‘ला पी’ हे चित्र केलं. बर्फाने झाकलेलं आवार, कुंपण, लाकडी फाटकावर बसलेला एकच काळा-पांढरा पक्षी, मॅगपाय. कुंपणाची सावली बर्फावरून आपल्या दिशेने पसरलेली आहे, आणि ती निळसर-जांभळी आहे. 1869च्या ‘पॅरिस सलों’ या प्रदर्शनाने हे चित्र नाकारलं. आज ते पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. सावली म्हणजे काळपट करडी, या समजुतीत वाढलेल्या डोळ्यांना तो निळा रंग खोटा वाटणं साहजिक होतं. पण मोनेचंच बरोबर होतं. निरभ्र दिवशी सावलीत ऊन पोहोचत नाही, तरी वरच्या निळ्या आभाळाचा उजेड पोहोचतो, आणि बर्फ तोच निळा परत करतो.

इथे दुसरा धोका असतो. ‘बर्फाची सावली निळी’ हे एकदा कळलं की नवखा माणूस तेही पाठ करतो आणि प्रत्येक चित्रात अल्ट्रामरीन ओततो. पाठांतर बदललं, पाहणं राहूनच गेलं. चित्रकार ब्रूगेलचं 1565चं ‘हिमातले शिकारी’ हे चित्र बघावं. आभाळ भरून आलेलं, त्यामुळे बर्फावर ठसठशीत सावल्याच नाहीत. आभाळ आणि गोठलेली तळी हिरवट करड्या रंगात आहेत, पुढे शिकारी, कुत्री आणि झाडांचे बुंधे गडद. त्या सगळ्यांच्या शेजारी असल्यामुळे बर्फ उजळतो. माझ्या त्या पहिल्या चित्रात मी आभाळही पांढरंच ठेवलं होतं. मग बर्फाला उजळायला जागा कुठून उरणार?

हे शिकायला हिमालयात जायची गरज नाही. सकाळी सातच्या सुमाराला गच्चीत वाळत घातलेली पांढरी चादर पाहावी. उन्हाकडची बाजू किंचित पिवळसर, आतल्या घड्या निळसर, आणि खाली लाल कोब्याजवळ तिच्या काठावर गुलाबी झाक. पुठ्ठ्याला बोटाएवढं भोक पाडून त्यातून एकेक जागा पाहिली की ‘चादर’ हा शब्द डोळ्यांपुढून जातो आणि नुसता रंग उरतो. मी आठवडाभर चादरच रंगवत होतो. त्या आठवड्याइतकं मला कुठल्याही पुस्तकाने शिकवलं नाही.

तैलरंग इथे साथ देतो तो उशिरा वाळतो म्हणून. सावलीची कड ओली असतानाच कोरड्या ब्रशने हलकेच ओढली की ती उन्हात विरघळते. जलरंगात कागद इतकी उसंत देत नाही. पण तोच ओलेपणा अंगावरही येतो. बुंध्याचा तपकिरी रंग लागलेला ब्रश न पुसता बर्फाला लावला की चिखल झालाच. म्हणून आता पांढऱ्यासाठी वेगळा ब्रश ठेवतो, आधी आभाळ आणि सावल्या लावतो, आणि ट्यूबमधला निव्वळ पांढरा अगदी शेवटपर्यंत उघडत नाही. सध्याच्या चित्रात तो फक्त एका ठिकाणी आला आहे, दगडावर साचलेल्या बर्फाच्या उन्हाकडच्या काठावर, तांदळाच्या दाण्याएवढा.