आधी पीठ, मग कारंजे

लातुरातल्या एका बागेत सिमेंटची बाई उभी आहे. कमरेवरची घागर जरा कललेली, घागरीच्या तोंडात नळीचे भोक. तिथून पाण्याची धार खालच्या हौदात पडायची. 2016च्या उन्हाळ्यात मी पाहिले तेव्हा हौदात धूळ आणि गुटख्याच्या पुड्या होत्या आणि कुंपणाबाहेर टँकरची वाट बघत खऱ्या घागरींची रांग लागली होती. पाणवठ्यांवर मारामाऱ्या होऊ नयेत म्हणून जमावबंदी लागू झालेली. 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर.

तेव्हापासून कारंजे म्हटले की आमच्याकडे लोक नासाडीच म्हणतात. ते मला पटत नाही. आजचे कारंजे तेच ते पाणी पंपाने फिरवते. उन्हाने उडेल आणि वाऱ्याने बाहेर सांडेल तेवढीच भर घालावी लागते. खोट आहे ती क्रमाची. पाण्याची व्यवस्था लागण्याआधीच आपण शोभा मांडून बसतो.

छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखी आहे. डोंगराकडून मातीच्या नळांनी आणलेले पाणी आधी उंच भिंतीवर चढते आणि तिथून खाली पडताना चक्की फिरवते. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यावर येणाऱ्या फकिरांना आणि यात्रेकरूंना पीठ मिळावे म्हणून तुर्कताज खानाने 1744च्या सुमारास ही चक्की उभारली. मशिदीपुढचा लांबरुंद हौद आणि त्यातली कारंजी जमील बेग खानाने घातली, ती त्यानंतर सुमारे वीस वर्षांनी. दळणाचे काम उरकलेले पाणी मग हौदात खेळू लागले. हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचे छत. वर पाणी, खाली गारवा, आणि उरलेले पाणी खाम नदीला. एकाच पाण्याने इतकी कामे केल्यावर त्या कारंज्याला उधळपट्टी कोण म्हणेल?

त्या काळी विजेचा पंप नव्हता, हेही त्यामागे होते. बंद नळातले पाणी फार तर आपल्या उगमाच्या उंचीपर्यंत चढते. कात्रजच्या पाण्यावर वाढलेले पेशव्यांचे पुणे असो की मलिक अंबरच्या नहरीचे संभाजीनगर, कारंजे हवे असेल तर आधी उंचावर पाणी अडवावे लागे, नळ बांधावे लागत. विजेच्या बटणाने ही अट काढून टाकली. आता गाव तहानलेले असतानाही चौकात कारंजे बसवता येते.

पुतळ्यांकडेही मी याच नजरेने पाहतो. नांदेड जिल्ह्यातल्या कंधारला राष्ट्रकूटांनी जगत्तुंगसमुद्र नावाचे तळे बांधले. जवळच मानसपुरीत क्षेत्रपालाच्या महाकाय मूर्तीचे तुकडे सापडले आहेत. त्यातल्या नुसत्या पावलाशेजारी उभे राहिले तरी माणूस लहान दिसतो. क्षेत्रपाल म्हणजे राखणदार. ज्या नगरीने एवढे तळे राखले, तिला एवढा राखणदार शोभत असणार. आपल्या बागांतली सिमेंटची हरणे आणि बगळे मात्र कशाचीच राखण करत नाहीत. दोन पावसाळ्यांत रंग उडतो आणि आतली लोखंडी जाळी दिसू लागते.

नांदेडची गोष्ट थोडी निराळी. गोदावरी दाराशी आहे, विष्णुपुरीचा जलाशय वर आहे. सचखंड गुरुद्वाऱ्याला येणारे भाविक संध्याकाळी गोबिंद बागेत कारंजे आणि लेझरचा खेळ बघायला बसतात. दिवसभर चाललेली म्हातारी माणसे तिथे पाय मोकळे करतात. हा आनंद मला फुकाचा वाटत नाही. पण लातूरने नांदेडची नक्कल करू नये.

लातूरने नळदुर्गच्या किल्ल्याकडे पाहावे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, 1613 साली, बोरी नदीवर तिथे बांध घातला गेला आणि बांधाच्या पोटात पाणीमहाल काढला. नदी भरली की बांधावरून नर आणि मादी हे दोन धबधबे कोसळतात. नदी आटली की तेही थांबतात, आणि त्याबद्दल कुणी तक्रार करत नाही. आपल्या बागेतले कारंजेही असेच ऋतूवर चालावे. छतांचे आणि रस्त्यांचे पाणी बागेच्या आडात उतरवावे, आड भरला की धार सुरू करावी आणि पाणी खाली गेले की बंद ठेवावी.

जोराचा पाऊस झाला की लातूरची पोरे दुचाक्यांवरून नळदुर्ग गाठतात. पाणीमहालाच्या खिडकीत उभे राहिले की समोर पाण्याचा पडदा असतो, आणि तुषार थेट तोंडावर येतात.