वृद्धांना खडतर वाटेने नेताना

पावसाळा सरून ओहोळांचे पाणी उतरले की कुळे गावाहून दूधसागराच्या पायथ्याकडे जीपगाड्या सुरू होतात. भगवान महावीर अभयारण्यातून जाणारी ही वाट सुमारे १०-१२ किलोमीटरांची; पण तिला रस्ता म्हणणे हे केवळ सौजन्य होय. गाडी ओहोळाच्या पाण्यात उतरते, धोंड्यांवरून हेलकावे खात पलीकडे चढते आणि शेवटचा टप्पा तर दगडांतून पायीच चालावा लागतो. सुमारे ३१० मीटर उंचीवरून कोसळणारी ती शुभ्र धार पाहावयास निघालेल्या कुटुंबांत काठीवाचून पाऊल न टाकू शकणारी वृद्ध माणसेही असतात. त्यांना न्यावे की नेऊ नये, हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही. आणि तो केवळ प्रकृतीचा तर मुळीच नाही.

प्रकृतीचे म्हणणे थोडक्यात सांगता येईल. उतारवयात हाडे ठिसूळ होतात; जोराचा हिसका बसला, तर माणूस न पडताही पाठीचा मणका दबून मोडू शकतो. मागच्या चाकांवरील आसनावर हा हिसका अधिक जाणवतो, ड्रायव्हरशेजारी कमी. धोका किती हे डॉक्टर सांगू शकतील. तो पत्करावा की नाही, हे ज्याची पाठ त्यानेच ठरवावयाचे आहे.

आपल्याकडे वृद्धांना 'सांभाळणे' असा शब्द रूढ आहे. भांडीकुंडीही आपण सांभाळतोच. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहासाठी २००७ साली झालेल्या केंद्रीय कायद्यात अन्न, वस्त्र, निवारा व औषधोपचार यांची गणना आहे; शिवाय आईवडिलांना सर्वसामान्य जीवन जगता यावे इतपत त्यांच्या गरजा भागविण्याचे कर्तव्य मुलांवर सोपविलेले आहे. या सर्वसामान्य जीवनात काय काय येते? थोडे भिणे, थोडे भिजणे, कधी न पाहिलेली वाट पाहणे, हे त्यात येते की नाही? "आता तुम्ही घरीच बऱ्या" असे म्हणताना आपण त्यांची काळजी वाहतो की आपली सोय पाहतो, हे ज्याचे त्याने मनाशी तपासावे. सात जणांच्या जीपमध्ये आठव्यास जागा नसते, आणि वगळावयाचे कोणाला हे बहुधा न बोलताच ठरून गेलेले असते.

उलटपक्षी, न्यावयाचेच असा हट्ट धरणाऱ्यांचे मन सर्वस्वी निर्मळ असते असेही नव्हे. आईला दूधसागर दाखविला, हे चारचौघांत सांगण्यात एक गोडी आहेच. आणि खुद्द आई? "तुम्ही जा, मी घर राखते" हे तिचे खरे उत्तर नसते आणि "तुमची इच्छा आहे तर येते" हेही नसते. पहिल्यात ओझे होण्याचे भय, दुसऱ्यात आपला विरस होऊ नये ही धडपड. दोन्ही उत्तरे ती आपल्यासाठी देते.

अशा वेळी श्रावणबाळाचे नाव सहज ओठावर येते. कावडीत मातापित्यांना बसवून तीर्थयात्रेस नेणारा हा श्रावण लोकांनी कथाकीर्तनांतून जोपासला. त्याच्या कथेत आपण कावडीचा भार तेवढा पाहतो. परंतु यात्रेची इच्छा आईबापांची होती. दोघेही अंध होती. 'दिसत नाही, तर जाऊन उपयोग काय' असे मुलाने विचारले नाही. आणि तहान लागताच त्यांनी पाणी मागितले. कावड खाली ठेवली गेली. त्या मागण्यात संकोच नव्हता.

आजच्या सहलीत नेमके हेच घडत नाही. वाटेत लघवीची सोय नाही, 'गाडी थांबवा' म्हणणे प्रशस्त वाटत नाही, म्हणून कितीतरी वृद्ध स्त्रिया निघण्याच्या दिवशी सकाळपासून पाण्याचा थेंब घेत नाहीत. लघवी अधिक करविणारी रक्तदाबाची गोळीही गुपचूप चुकवितात. कोरड पडलेल्या जिभेने त्या हसत बसलेल्या असतात आणि सारे म्हणतात, आजी किती आनंदात आहेत! उन्हात, घामात अशा देहाला भोवळ यावयास वेळ लागत नाही. आमच्या मते मूळ प्रश्नाचा निवाडा येथे होतो, डॉक्टरांच्या खोलीत नव्हे. ज्या घरातल्या आजी "थांबा" म्हणू शकतात, अर्ध्या वाटेवर "परत फिरा" म्हणू शकतात आणि ते ऐकून कोणाचा चेहरा उतरत नाही, त्या घराने त्यांना खुशाल न्यावे. जेथे हे शक्य नाही, तेथे डांबरी सडकेवरचा प्रवासही जुलूमच. अर्थात जीपमध्ये परकी माणसे असतील, तर थांबणे आपल्या हाती राहत नाही. म्हणून जमल्यास सबंध गाडी आपलीच घ्यावी.

जीपची पायरी उंच असते. एखादे बुटके, भक्कम स्टूल बरोबर असले, तर वृद्धांना पोत्यासारखे वर ढकलण्याची पाळी येत नाही. उचलणे भागच पडले, तर आधी विचारावे. कोणी उचलावे हेही विचारावे. सुनेचा हात चालतो आणि जावयाचा चालत नाही, असे असू शकते.

राहिला शेवटचा पायी टप्पा. तो ज्यांना झेपणार नाही त्यांच्याजवळ गाडीपाशी कोण थांबणार, हे घरीच ठरवून निघावे. ऐन रानात एकमेकांच्या तोंडाकडे पाहू नये. ज्यांना धारच पाहावयाची आहे, त्यांच्यासाठी मडगावहून लोंढ्याकडे जाणारी आगगाडी आहे. ती पुलावरून धबधब्याच्या पुढ्यातूनच जाते. काही आजोबांना मात्र धबधब्याशी फारसे कर्तव्यच नसते. जीप ओहोळात उतरताना चाकांभोवती उसळणारे पाणी त्यांना पाहावयाचे असते. त्यांना पुढची जागा द्यावी.