नाचणारी गिटार

1978च्या जानेवारीत सेक्स पिस्टल्स हा पंक बँड फुटला. पंकने सगळं मोडून टाकलं होतं. आता वाजवायचं काय, हा प्रश्न ब्रिटनमधल्या तरुण वादकांपुढे होता. अनेकांना उत्तर सापडलं ते कृष्णवर्णीयांच्या संगीतात, म्हणजे रेगे, फंक आणि डिस्कोमध्ये. लीड्सच्या गँग ऑफ फोरने 1979च्या ‘एंटरटेन्मेंट!’मध्ये ठेका फंककडून घेतला, गिटार मात्र सुरीसारखी कापत जाणारी ठेवली. शब्दांत बाजार होता, आणि त्या बाजारात सापडलेलं प्रेम. नाचणाऱ्याने विचारही करावा, असा तो आग्रह होता. ग्लासगोच्या ऑरेंज ज्यूसने हीच वाट पुढे नेली, पण हळव्या, खेळकर सुरात.

मग ती वाट बुजत गेली. मँचेस्टरचे काही बँड सोडले, तर नव्वदच्या दशकात नाचणारे टेक्नो आणि हाउसच्या क्लबांकडे वळले. दुसरीकडे, गिटारवाल्या ब्रिटपॉपची गाणी हजारोंनी हात उंचावून एकसुरात म्हणायची झाली. मला ही फारकत मोठं नुकसान वाटते. गिटारच्या गाण्यातून कंबर हरवली आणि नुसता गळा उरला.

म्हणूनच फ्रँझ फर्डिनंड या बँडच्या पहिल्या अल्बमचं मोल. अ‍ॅलेक्स कॅप्रानोस, निक मकार्थी, बॉब हार्डी आणि पॉल थॉमसन हे ग्लासगोचे चौघे. अल्बम फेब्रुवारी 2004मध्ये आला आणि त्याच वर्षी त्याला मर्क्युरी पुरस्कार मिळाला. मुलींना नाचता येईल असं संगीत करायचं, हे त्यांनी उघडपणे ठरवलं होतं. ‘टेक मी आउट’ ऐका. गाणं घाईत सुरू होतं, आणि पहिलं मिनिट संपायच्या आत त्याची लय चक्क उतरते. वेग वाढवून उत्साह आणणं सोपं असतं. इथे लय उतरते आणि पाय जमिनीवर जड, ठाम पडू लागतात. एवढ्या एका निर्णयात मला पूर्ण अल्बमची बुद्धी दिसते.

अंगाबरोबर बसणारे शर्ट, टाय, रशियन रचनावादी चित्रांची आठवण देणारी दृश्यशैली, हे सगळं पाहून ‘नुसता थाट’ असा आरोप झाला. जुन्यांची नक्कल, असंही म्हटलं गेलं. जुन्यांमधला राजकीय राग इथे नाही, हे खरंच आहे. तरी ‘मायकल’ या गाण्यात नाचाच्या फरशीवर एका पुरुषाला दुसऱ्या पुरुषाची ओढ वाटते आणि गाणारा त्याचं ना स्पष्टीकरण देतो, ना त्याची लाज बाळगतो. कोणी कोणाबरोबर नाचावं, हाही राजकीय प्रश्नच आहे; गँग ऑफ फोरने शब्दांत मांडलेलं भांडण इथे देहात उतरलं आहे.

विचाराच्या खोलीत हा अल्बम ‘एंटरटेन्मेंट!’च्या बरोबरीला येत नाही. पण 2000नंतर पोस्ट-पंकचं, म्हणजे पंकनंतरच्या त्या संगीताचं, जे पुनरुज्जीवन झालं, त्यातला सगळ्यात जिवंत अल्बम माझ्या मते हाच.