झाडाला काय फरक पडतो?

भीमाशंकरच्या रानात झाड तोडायचं नाही, हे आता कायदा सांगतो. १९८५ साली हे अभयारण्य झालं. पण आमच्या डोंगरात ‘तोडू नको’ हे त्याच्या कितीतरी आधीपासून चालत आलेलं. देवराईतली वाळकी काटकीसुद्धा चुलीला आणायची नाही. का? आजीचं उत्तर ठरलेलं, “देवाचं हाय ते. देव बघतोय.”

माझा चुलतभाऊ म्हणतो, “दादा, देवाची भीती असो नाहीतर गार्डची. कुऱ्हाड थांबली म्हंजे झालं. झाडाला काय फरक पडतो?”

प्रश्न साधा नाही. आजच्या दिवसापुरता झाडाला फरक पडत नाही, हे खरंच. पण भीतीनं राखलेलं रान भीती असेतोवरच राहतं. गार्ड पलीकडच्या खोऱ्यात गेला की कायदाही त्याच्यासंगं जातो. आणि देव? पोरं शिकली, पुण्या-मुंबईला गेली. देव कोपतो यावर त्यांचा विश्वास उरला नाही. माझाही नाही. मग मालकीच्या तुकड्यावरची झाडं रोख पैसे मोजणाऱ्या ठेकेदाराला मी का देऊ नयेत?

शेकरूकडं बघावं. तांबूस अंगाचा, झुपकेदार शेपटीचा हा प्राणी सहसा जमिनीवर उतरत नाही. फांदीला फांदी भिडलेली असली, तरच त्याचा रस्ता. मधलं एक झाड पडलं की वाट मोडते. म्हणजे सातबारावर झाड माझं असलं, तरी ते दुसऱ्या कुणाचा तरी पूल आहे. पाण्याचंही तेच. इथं उगम पावणारी भीमा पुढं पंढरपुरात चंद्रभागा म्हणवते. तिथं स्नान करणाऱ्या वारकऱ्याला आमची वाडी ठाऊकही नसेल. पण तिच्या माथ्यावरचं रान त्याच्याही कामी येतं.

मात्र हे राखणं एकट्या डोंगरातल्या माणसानंच सोसायचं का? आमच्याकडं बाळहिरडा गोळा करतात, वाळवून विकतात. त्यावर किराणा, औषधपाणी, पोरांच्या वह्या. बहरणाऱ्या हिरड्यावर सहसा कुणी कुऱ्हाड घालत नाही. तिथं ना देव लागतो, ना गार्ड. पुढच्या सालची भाकरी त्यावर असते. २००६ च्या वनहक्क कायद्यानं गौण वनउपजावरचा हा हक्क मान्य केला, तो मला म्हणूनच मोलाचा वाटतो. ज्याच्या वाट्याला रानातून नुसती मनाईच येते, त्याला ते रान परकं होतं. आणि परक्याचं राखायला रात्री कोण उठेल?

कारण रान राखणं म्हणजे नुसतं न तोडणं नव्हे. वणवा लागतो, तेव्हा भ्यालेला माणूस घरात बसतो. त्यानं काहीच तोडलेलं नसतं. त्याच्याकडं बोट दाखवता येत नाही. ज्याला रान आपलं वाटतं, तो मात्र ओला डहाळा घेऊन डोंगर चढतो.

भावाला मी एवढंच सांगतो, झाडाला फरक पडतो तो त्या रात्री.